कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नोकरीची पहिली पायरी

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणीचे गाव म्हणून विदर्भभर ओळखले जाते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असलेल्या या गणेशाच्या दर्शनासाठी जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते. धाराशिव जिल्ह्यातही याच नावाचे तालुक्याचे ठिकाण असल्याने पत्ता सांगताना ‘यवतमाळचे कळंब’ असे आवर्जून सांगितले जाते. कापूस, सोयाबीन आणि तूर ही तालुक्याची मुख्य पिके. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या बहुप्रतीक्षित रेल्वेमार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि गाव प्रथमच ब्रॉडगेजने देशाशी जोडले गेले.

विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या अशा अनेक गावांतील कुटुंबांनी गेल्या पंचवीस वर्षांत एक हिशेब मनाशी पक्का केला होता. शेती पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून. तेव्हा घरातील एकाने तरी अभियांत्रिकीची किंवा संगणकशास्त्राची पदवी घ्यावी, नागपूर-पुण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत ‘फ्रेशर’ म्हणून लागावे आणि तेथून वर चढत जावे. पहिला पगार मोठा नसतो. पण ती पहिली पायरी असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या लाटेने सर्वाधिक धक्का दिला आहे तो नेमका या पायरीला. कंपन्यांची रचना, नेतृत्वाचे निर्णय, गुंतवणुकीची दिशा आणि रोजगाराचे स्वरूप या चारही बाबी त्यामुळे कशा बदलत आहेत, याचा हा आढावा.

लाटेचा उगम

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग १९५६ पासून रूढ आहे. आजच्या बदलाचे मूळ मात्र २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी लिहिलेल्या एका शोधनिबंधात आहे. त्यांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेमुळे संगणकाला वाक्यातील प्रत्येक शब्दाचा इतर सर्व शब्दांशी असलेला संबंध एकाच वेळी तपासता येऊ लागला. या आठ जणांत अशिष वासवानी आणि निकी परमार हे दोघे भारतीय होते. परमार यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या ‘पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी’ या महाविद्यालयात झाले.

या रचनेवर आधारलेल्या यंत्रणांना ‘भाषा-प्रारूपे’ म्हणता येईल. प्रचंड मजकूर वाचवून घेऊन त्यांना ‘पुढचा शब्द कोणता असावा’ याचा अंदाज बांधण्यास शिकविले जाते. अंदाजाची ही क्षमता पुरेशी वाढली की, यंत्र पत्र लिहिते, सारांश करते, भाषांतर करते आणि संगणकाचा प्रोग्रामही लिहिते. कारण प्रोग्राम हीदेखील काटेकोर नियमांची एक भाषाच आहे. यंत्र सांगते ते खरेच असेल याची मात्र खात्री नसते. चुकीची माहितीही ते तितक्याच आत्मविश्वासाने मांडते. म्हणूनच त्याचे काम तपासणाऱ्या माणसाला महत्त्व आले आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओपनएआय’ने ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले आणि प्रयोगशाळेतील हे तंत्र सामान्यांच्या हाती आले. त्यानंतरच्या अवघ्या दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअर उद्योगातील कामाची पद्धत बदलली. गूगलमध्ये नव्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामपैकी एक चतुर्थांशाहून अधिक भाग यंत्र तयार करते आणि अभियंते तो तपासतात, असे सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये सत्या नाडेला यांनी मायक्रोसॉफ्टबाबत २० ते ३० टक्क्यांचा आकडा दिला.

कंपन्यांचा पिरॅमिड

भारतीय सॉफ्टवेअर सेवा उद्योगाचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत उभी राहिली. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली. पुढे ती बंगळुरूला गेली. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, नागपूरचे गायत्रीनगर आणि मिहान प्रकल्प हे याच प्रवासाचे पुढचे टप्पे. ‘नॅसकॉम’ या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये देशातील तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलरवर आणि मनुष्यबळ सुमारे ५८ लाखांवर पोचले होते.

या उद्योगाचे अर्थशास्त्र वर्षानुवर्षे सोपे होते. परदेशी ग्राहकाच्या कामावर किती माणसे, किती तास राबली, यावर बिल आकारले जाई. साहजिकच उत्पन्न वाढवायचे तर माणसे वाढवावी लागत. पिरॅमिडच्या तळाशी हजारो फ्रेशर, मधे संघप्रमुख व व्यवस्थापक आणि शिखरावर मोजके अधिकारी अशी रचना तयार झाली. तळाचा पगार कमी असल्याने नफा टिकत असे. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचे वार्षिक वेतन गेली दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिले. तरीही गावाकडून आलेल्या पदवीधराला ते हवेसे वाटे, कारण पायरी वर जाणारी होती.

फ्रेशरकडे सोपविली जाणारी कामे ठरलेली असत. तयार प्रोग्रामची चाचणी घेणे, जुन्या प्रणालीतील लहान चुका दुरुस्त करणे, अहवाल तयार करणे, ग्राहकांच्या तक्रारींची नोंद घेऊन ठरावीक उत्तरे देणे. काम पुनरावृत्तीचे असले तरी त्यातूनच तो धंदा शिकत असे. भाषा-प्रारूपांना जी कामे सर्वांत लवकर जमली, ती नेमकी हीच.

शिवाय ग्राहकही आता हुशार झाला आहे. यंत्रामुळे काम लवकर होत असेल, तर तासांचे जुने बिल का द्यायचे, असा प्रश्न तो विचारतो. त्यामुळे तासांऐवजी निष्पत्तीवर मोबदला आकारण्याची पद्धत हळूहळू येत आहे. मनुष्यबळ आणि उत्पन्न यांची जुनी गाठ सुटू लागल्याचे ठळक उदाहरण पुण्याचेच आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पर्सिस्टंटचे डॉलरमधील उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. कर्मचारीसंख्या मात्र २३,८५० वरून २४,५९४ पर्यंत, म्हणजे केवळ तीन टक्क्यांनी वाढली. अर्थात, याचे सारे श्रेय यंत्राला देता येणार नाही. कामाची निवड आणि अनुभवी मनुष्यबळ यांचाही त्यात वाटा असतो. परंतु उत्पन्न वाढले की भरती वाढणारच, हे गृहीतक आता चालत नाही.

कपातीचे वर्ष

२७ जुलै २०२५ रोजी टीसीएसने जाहीर केले की, चालू आर्थिक वर्षात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी केले जातील. त्यांत मधल्या आणि वरिष्ठ फळीतील कर्मचारी प्रामुख्याने असतील, असेही कंपनीने स्पष्ट केले. जून २०२५ अखेर ६ लाख १३ हजारांवर असलेली कर्मचारीसंख्या सप्टेंबरअखेर ५ लाख ९३ हजारांवर आली. सरकारी नोकरीइतकीच सुरक्षित समजल्या जाणाऱ्या कंपनीकडून आलेली ही बातमी मध्यमवर्गीय घरांना हादरविणारी होती. पुण्यातील ‘नाइट्स’ या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली.

ही कपात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वाढलेल्या उत्पादकतेपायी नसून, कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ बसत नसल्यामुळे आहे, असे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी सांगितले. या विधानात तथ्य आहे, तसेच ते अपुरेही आहे. अमेरिकेतील ग्राहकांनी हात आखडता घेतला होता, आयातशुल्काच्या वादामुळे अनिश्चितता होती, सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. या साऱ्याचा भार उद्योगावर होताच. पण कौशल्यांचा मेळ बसेनासा का झाला, याचे उत्तर शोधू गेल्यास वाट पुन्हा नव्या तंत्रज्ञानाकडेच जाते.

कपातीची बातमी होते. न झालेल्या भरतीची होत नाही. इन्फोसिसने २०२१-२२ मध्ये सुमारे ८५ हजार फ्रेशर घेतले होते. २०२३-२४ मध्ये ही संख्या १२ हजारांच्याही आत आली. करोनाकाळात मागणी अचानक वाढल्याने भरती जास्त झाली होती, हे खरे. तथापि, महाविद्यालयांच्या परिसर मुलाखतींत निवड होऊनही रुजू होण्याच्या पत्राची महिनोन् महिने वाट पाहणारे पदवीधर या काळात राज्यभर दिसले. मोठ्या शहरातील मुलगा अशा वेळी घरी राहून दुसरे काही शोधू शकतो. तालुक्याच्या गावातून आलेल्या आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेल्या मुलासाठी हा काळ कठीण असतो.

नेतृत्वाची कसोटी

तंत्रज्ञान कंपनीचा प्रमुख पूर्वी मनुष्यबळाचा आकडा अभिमानाने सांगत असे. आता तो आकडा न वाढविता उत्पन्न वाढवून दाखविणे ही त्याची कसोटी ठरली आहे. निम्म्या माणसांत दुप्पट उत्पन्न मिळविता येईल का, असे आव्हान आपण सहकाऱ्यांपुढे ठेवले असल्याचे एचसीएलटेकचे प्रमुख सी. विजयकुमार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅसकॉमच्या व्यासपीठावर सांगितले. याच कंपनीचे केंद्र नागपूरच्या मिहानमध्ये आहे. त्यामुळे विदर्भातील तरुणांच्या दृष्टीने हे विधान दूरचे राहत नाही.

दुसरा बदल अधिकाराच्या केंद्रात झाला आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ओपनएआयच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम आल्टमन यांना पदावरून दूर केले. बहुतांश कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याचा इशारा दिला, मोठी गुंतवणूकदार असलेली मायक्रोसॉफ्ट त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि पाच दिवसांत आल्टमन परतले. नफ्यासाठी नव्हे तर मानवहितासाठी स्थापन झालेल्या संस्थेत अखेरचा शब्द कोणाचा, याचे उत्तर त्या पाच दिवसांत मिळाले. जून २०२५ मध्ये ‘मेटा’ने ‘स्केल एआय’ या कंपनीतील ४९ टक्के हिस्सा १४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजून घेतला आणि तिचे तरुण संस्थापक अलेक्झांडर वांग यांना आपल्याकडे आणले. मूठभर जाणकारांसाठी अब्जावधी मोजायचे आणि त्याच वेळी मधल्या फळीला निरोप द्यायचा, असे हे चित्र आहे.

सावधगिरीचा सूरही याच क्षेत्रातून उमटला. या तंत्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले जेफ्री हिंटन यांनी त्याच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून मे २०२३ मध्ये गूगल सोडले. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळाले.

पैसा कोठे जातो?

कंपन्यांचा खर्च माणसांकडून यंत्रांकडे वळत आहे, हे या बदलाचे आर्थिक सार. मायक्रोसॉफ्टने २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी डेटा सेंटरवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. त्याच कंपनीने मे आणि जुलै २०२५ मध्ये मिळून सुमारे १५ हजार कर्मचारी कमी केले. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, ॲमेझॉन आणि मेटा या चार कंपन्यांचा २०२५ मधील एकत्रित भांडवली खर्च ३०० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला.

या पैशाचा मोठा ओघ चिप बनविणाऱ्या ‘एनव्हिडिया’कडे वळला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर गेले. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या तिच्या आर्थिक वर्षात उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर आणि कर्मचारी सुमारे ३६ हजार होते. म्हणजे दरडोई उत्पन्न सुमारे ३६ लाख डॉलर. टीसीएसचे २०२४-२५ मधील उत्पन्न ३० अब्ज डॉलर आणि कर्मचारी सहा लाखांवर. दरडोई सुमारे ५० हजार डॉलर. एक कंपनी चिप विकते आणि दुसरी सेवा, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. तरीही गुंतवणूकदार कोठे धावतो आणि रोजगार कोठे राहतो, हे त्यातून कळते.

हा फुगा तर नव्हे, अशी शंका अर्थतज्ज्ञ वारंवार घेतात. २७ जानेवारी २०२५ रोजी ‘डीपसीक’ या चिनी कंपनीने कमी खर्चात तयार केलेल्या प्रारूपाची चर्चा झाली आणि एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरने घसरले. पुढे ते सावरले. पण बाजाराच्या विश्वासाचा पाया किती भुसभुशीत असू शकतो, हे दिसून गेले.

महाराष्ट्राच्या वाट्याला या गुंतवणुकीतील डेटा सेंटर आली आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे मुंबई-नवी मुंबई हा देशातील सर्वांत मोठा डेटा सेंटर पट्टा झाला. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने जानेवारी २०२५ मध्ये राज्यात ८.३ अब्ज डॉलर गुंतविण्याची योजना जाहीर केली. टीसीएसनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये एक गिगावॉट क्षमतेच्या डेटा सेंटरचा मनोदय व्यक्त केला. अशा केंद्राच्या उभारणीला पुष्कळ हात लागतात; चालविण्यास मात्र मोजकेच. वीज मात्र भरपूर लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातील डेटा सेंटरचा वीजवापर २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट होता आणि २०३० पर्यंत तो दुपटीहून अधिक होऊ शकतो. राज्याच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी येथील कोळशावर तयार होतो. राख आणि धूर विदर्भात, डेटा सेंटर नवी मुंबईत, असा हा व्यवहार असेल, तर त्यातून विदर्भाला काय मिळणार, हा प्रश्न रास्त ठरतो.

रोजगाराचा ताळेबंद

किती नोकऱ्या जाणार आणि किती येणार, याचे अंदाज अनेक आहेत. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत ९ कोटी २० लाख नोकऱ्या लोप पावतील आणि १७ कोटी नव्या निर्माण होतील. यामागे तंत्रज्ञानाबरोबर लोकसंख्या, हवामान आणि अर्थकारण हेही घटक आहेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के रोजगारांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम होईल, असे म्हटले. परिणाम म्हणजे नोकरी जाणेच, असे नव्हे. काही कामे सुकर होतील, काही नाहीशी होतील.

एकूण बेरजेपेक्षा वयानुसार होणारा परिणाम अधिक बोलका आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये वेतनाच्या नोंदी तपासून दाखविले की, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक प्रभाव असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार २०२२ च्या अखेरीपासून तुलनेने १३ टक्क्यांनी घटला. त्याच व्यवसायांतील अनुभवी मंडळींचा रोजगार टिकून राहिला किंवा वाढला. पुस्तकी ज्ञान यंत्राकडेही असते; अनुभवातून आलेली पारख त्याच्याकडे नसते, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

यातूनच या साऱ्या चर्चेचा गाभ्याचा प्रश्न उभा राहतो. आजचा अनुभवी अभियंता दहा-पंधरा वर्षांपूर्वी फ्रेशरच होता. चुका करीत, रात्री जागून त्या दुरुस्त करीत तो शिकला. पहिली पायरीच काढून घेतली, तर उद्या यंत्राचे काम तपासणारे अनुभवी लोक येणार कोठून? एका कंपनीपुरता विचार केला तर फ्रेशर न घेणे फायद्याचे दिसते. सर्वच कंपन्यांनी तसे केले तर दहा वर्षांनी उद्योगापाशी मधली फळीच उरणार नाही. बियाणे विकून नफा मोजण्यासारखा हा प्रकार आहे.

यंत्राची मर्यादाही दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेटर’ या संस्थेच्या प्रयोगात, स्वतःच्या परिचयाच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या अनुभवी प्रोग्रामरना यंत्राची मदत घेतल्यावर १९ टक्के अधिक वेळ लागला. आपण जलद काम केले, असे त्यांना मात्र वाटत होते. ‘क्लार्ना’ या स्वीडिश कंपनीने २०२४ मध्ये सातशे ग्राहकसेवकांचे काम यंत्र करीत असल्याचे सांगितले आणि २०२५ मध्ये सेवेचा दर्जा राखण्यासाठी पुन्हा माणसे नेमण्यास सुरुवात केली.

कपाशीच्या शेतातील यंत्र

तंत्रज्ञानाचा हाच प्रवाह दुसऱ्या वाटेने कळंबच्या शेतापर्यंत पोचू शकतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. केव्हा फवारावे आणि केव्हा फवारू नये, हे कळणे या जिल्ह्यात जिवाशी निगडित आहे.

गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव ओळखण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ नर पतंग सापडले की, ती आर्थिक नुकसानीची पातळी समजून उपाय योजावेत, असा शास्त्रीय संकेत आहे. पतंग ओळखून मोजण्याचे हे किचकट काम ‘वाधवानी एआय’ या मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने मोबाइलवर आणले. सापळ्यातील पतंग कागदावर पसरून छायाचित्र काढले की, ‘कॉटनएस’ हे ॲप त्यांची संख्या मोजून फवारणीची गरज आहे किंवा नाही, हे सांगते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही सापळ्यालाच कॅमेरा जोडून आपोआप मोजणी करणारी यंत्रणा विकसित केली आहे.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ हे ॲपही त्याच वर्षी आले. अशा यंत्रणा गावात राबविण्यासाठी माणसे लागतात: सापळे तपासणारी, यंत्राचा सल्ला पिकाशी ताडून पाहणारी, शेतकऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगणारी. यंत्राला भाषा शिकविण्यासाठीही माणसे लागतात. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘कार्य’ ही संस्था ग्रामीण नागरिकांकडून भारतीय भाषांतील बोलणे ध्वनिमुद्रित करून घेते आणि त्याचा मोबदला ताशी सुमारे पाच डॉलर इतका देते. प्रमाण मराठीच्या तुलनेत वऱ्हाडी बोलीचे असे ध्वनिमुद्रण अत्यल्प आहे. शेतकऱ्याचे बोलणे यंत्राला उमगायचे तर ती उणीव भरून काढावी लागेल. ही कामे सॉफ्टवेअर कंपनीतील कायम नोकरीची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु पिकाची जाण आणि संगणकाची जाण एकाच व्यक्तीत असण्याला प्रथमच बाजारात किंमत येऊ लागली आहे.

धोरण आणि तयारी

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. त्याअंतर्गत संशोधक व नवउद्योगांना सवलतीच्या दरात संगणनक्षमता मिळते. भारतीय भाषांची प्रारूपे घडविण्याच्या ‘भारतजेन’ प्रकल्पाचे नेतृत्व मुंबईच्या आयआयटीकडे आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उत्कृष्टता केंद्रे उभारण्याचे राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरविले. परदेशी कंपन्यांची स्वतःची कार्यकेंद्रे राज्यात यावीत, यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र धोरणही मंजूर झाले. ४०० नवी केंद्रे आणि चार लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे. यांपैकी किती नागपुरात आणि किती त्यापलीकडे जातील, यावर विदर्भातील तरुणांचे हित अवलंबून आहे.

शिक्षणसंस्थांपुढचे काम याहून तातडीचे आहे. उत्तरे पाठ करून परीक्षा देणाऱ्या पदवीधराशी यंत्र सहज स्पर्धा करते. उलट, यंत्राने लिहिलेल्या प्रोग्राममधील चूक शोधणे, ग्राहकाची मोघम गरज नेमक्या शब्दांत मांडणे, एखाद्या क्षेत्राचे व्यवहार आतून जाणणे, ही कौशल्ये अनुभवाने येतात. तेव्हा पदवीच्या अखेरच्या वर्षी दोन-चार आठवड्यांचे नाममात्र प्रशिक्षण पुरणार नाही. सहकारी बँक, बाजार समिती, जिनिंग, रुग्णालय, नगरपंचायत यांच्याकडील खऱ्या कामांवर विद्यार्थ्यांनी सहा-आठ महिने राबावे, अशी सोय अभ्यासक्रमातच असावी लागेल. कंपनी जी पहिली पायरी बांधत होती, तिचा काही भाग आता महाविद्यालयाला बांधावा लागणार आहे. कंपन्यांनीही ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले, तर त्यांचेच भविष्य सुरक्षित राहील.

वाफेचे इंजिन आले तेव्हा, गिरण्यांत नवी यंत्रे आली तेव्हा आणि १९८० च्या दशकात बँकांत संगणक आले तेव्हाही रोजगाराची भीती व्यक्त झाली होती. बँकांतील संगणकाविरुद्ध संप आणि मोर्चे झाले. पुढे त्याच संगणकाने लाखोंना काम दिले. परंतु मुंबईच्या गिरणी कामगाराला त्याच्या हयातीत ती भरपाई मिळाली नाही, हाही इतिहास आहे. दीर्घकाळात सारे सुरळीत होते, हे विधान संक्रमणात सापडलेल्या पिढीला उपयोगी पडत नाही.

कळंबहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्या पदवीधराच्या दृष्टीने एनव्हिडियाचे बाजारमूल्य किंवा आल्टमन यांचे पुनरागमन या दूरच्या घडामोडी आहेत. त्याला हवी असते ती एक संधी: चुका करीत शिकण्याची आणि शिकत वर चढण्याची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात कंपन्या, सरकार आणि विद्यापीठे यांच्या कामगिरीचे मोजमाप करायचे, तर त्यासाठी एवढा एकच निकष पुरेसा आहे.